पहिल्या हाकेला उठणारं कासव

…आणि वर मलाच विचारतात, हा भूतकाळ की भविष्यकाळ! अहो, 'आलोच' हा काय काळ असतो? 'आलोच' म्हणजे आलोच! तुम्ही घरात कधी म्हणत नाही? आतून हाक आली, आपण इथूनच ओरडलो 'आलोच', आणि खुर्ची काही सोडली नाही… सोडली? खरं सांगा. नाही ना? मग! आपल्याकडच्या चार वर्षांच्या पोराला जी गोष्ट कळते, ती समुद्रापलीकडच्या चार शहाण्या माणसांना समजावता समजावता माझे तीन आठवडे गेले, घसा बसला, आणि त्यांच्या कागदावर काय लिहिलं गेलं, माहितीये? 'कासव खोटं बोलतं.' झालं! आता यात माझी काही चूक आहे का? तुम्हीच सांगा. असो.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ कुठल्या कासवाबद्दल बोलतोय. मी टीव्हीवरच्या लहान मुलांच्या मालिका लिहितो. म्हणजे चित्रांच्या, कार्टूनच्या. त्यातलीच ही एक. एक झाड आहे, झाडाखाली कासव राहतं, वर खार राहते. बस्. एवढीच दुनिया. दर भागात खार वरून हाक मारते, "अहो कासवभाऊ!" आणि कासव म्हणतं, "आलोच!" मग ते चष्मा पुसतं, मग पेपरातली एक बातमी वाचतं, मग एक चप्पल सापडते तर दुसरी सापडत नाही, आणि ते वर पोचतं तेव्हा खारीच्या वाढदिवसाची पंगत उठून भांडीसुद्धा घासून झालेली असतात. एका भागात तर मध्ये अख्खा हिवाळा येऊन गेला! कासव कोट घालून पोचलं आणि वर सगळे पंखा लावून बसलेले. मुलं हसून हसून लोळायची. बावन्न भाग चाललं हे. शाळेच्या दप्तरांवर आलं, पाण्याच्या बाटल्यांवर आलं. आया तक्रार करायच्या, "अहो लेखक, आमचं कार्टं जेवायला हाक मारली की 'आलोच' म्हणतं आणि येतच नाही!" मी म्हणायचो, बाई, ते माझ्याकडून शिकलेलं नाही, ते तुमच्या मिस्टरांकडून शिकलंय.

तर ही मालिका तिकडच्या एका वाहिनीला आवडली. आमचा निर्माता नाचतच आला. "लेखकराव, आपलं कासव समुद्र ओलांडणार!" म्हटलं, ओलांडू दे, पोहता येतं त्याला. मला वाटलं, काय, आवाज बदलतील, तिकडच्या नटाकडून बोलून घेतील, संपलं. पण तुम्हाला सांगतो, यात तोंडाची भानगड असते. चित्रातलं तोंड आधीच काढून ठेवलेलं असतं ना! 'आ'ला मोठं, 'लो'ला गोल, आणि 'च'ला दात. तिकडच्या भाषेत काहीही म्हणा, पण ते त्या तोंडात बसलं पाहिजे. त्यांच्याकडे 'लगेच येतो'ला जो शब्द आहे, तो आपल्या कासवाला लावून बघितला. कासवाचं तोंड मिटलं तरी शब्द चालूच! पोटातून बोलतंय की काय! निर्माता म्हणाला, "लेखकराव, हे कासव बोलतंय की त्याला गॅस झालाय?"

मग बैठक. पडद्यावरची. सहा चौकोन. एकात आम्ही दोघं, चारांत ते लोक, आणि सहाव्या चौकोनात दुभाषी. दुभाषी म्हणजे कोण, तर आमची मुलगी. ती तिकडेच असते, तिकडेच शिकली, दोन्ही भाषा पाण्यासारख्या बोलते. निर्मात्याला म्हटलं, अरे, घरचं माणूस नको. तर म्हणे, "घरचं माणूस समजून घेतं हो!" तेच तर नको होतं ना… असो.

आणि त्या चारांत एक बाई होत्या, बालमनाच्या तज्ज्ञ. केस पांढरे, आवाज मऊ, आणि हातात पेन्सिल. त्या पेन्सिलीची मला पहिल्या दिवसापासून भीती वाटली. त्यांनी काहीतरी विचारलं. मुलगी म्हणाली, "बाबा, त्या विचारतायत, 'आलो' म्हणजे आला ना? मग तो दिसत का नाही?"

म्हटलं, "तो अजून आलेला नाही. येणार आहे."

"मग 'येईन' का म्हणत नाही?"

"'येईन' म्हटलं की कधीतरी येईन, असं वाटतं. 'आलोच' म्हणजे लगेच."

"म्हणजे तो लगेच येतो?"

"…नाही."

बाईंची पेन्सिल चालली. मी म्हटलं, काय लिहिलं गं? मुलगी म्हणाली, "काही नाही, बाबा, टिपण आहे." पण मला नंतर निर्मात्याने दाखवलं ना! 'कासव खोटं बोलतं.' अहो, खोटं कसलं? त्या क्षणी माणूस मनाने उठलेला असतो! मनाने तो दारात पोचलेला असतो! फक्त शरीर मागे राहतं, एवढंच. आता यात कासवाची काही चूक आहे का? आणि माझी तरी?

तुम्ही म्हणाल, एवढा का चिडतोस? शब्द आहे, बदलून टाक. तर तो शब्द मी कुठून विकत आणलेला नाही. तो माझाच आहे. म्हणजे घरातला आहे. मी मागच्या खोलीत लिहीत बसायचो, बायको पुढून हाक मारायची, "अहो…" मी म्हणायचो "आलोच!" आणि चाललंय आपलं. पाहुणे आले की ती त्यांना सांगायची, "बसा निवांत, ते 'आलोच' म्हणालेत, म्हणजे मला अजून दोन खोल्या झाडून घेता येतील." ही मालिका सुरू झाली तेव्हा पहिला भाग बघून ती म्हणाली, "कासव तुम्ही आहात हे कळलं. पण मला खार का केलंत?" म्हटलं, तू सारखी हाका मारतेस म्हणून. तर म्हणते, "एकदा मारलेल्या हाकेला कुणी आलं, तर सारख्या कशाला माराव्या लागतील?" मी ते वाक्य पुढच्याच भागात घातलं. खारीच्या तोंडी. खूप गाजलं.

दीड वर्ष झालं तिला जाऊन. असो. तो विषय नाही. कासवाचं चाललंय.

तर दुसरी बैठक. त्या बाईंनी काय केलं, तिकडच्या तीस मुलांना बसवून आपले चार भाग दाखवले. मी अगदी सावरून बसलो, म्हटलं, आता कळेल यांना, पोरं कशी लोळतात ते. मुलगी वाचायला लागली, "तीसपैकी एकोणीस मुलं हसली." म्हटलं, वा! "अकरा रडली."

"रडली? का रडली?"

"म्हणाली, ती हाक मारतेय आणि हा जात नाहीये."

अहो, ही काय मुलं आहेत! गंमत कळत नाही? वर त्यातल्या एका पोरीने विचारलं म्हणे, खारीला काय झालं होतं? म्हणजे ती हाक कशाला मारत होती? बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि तोच प्रश्न मला विचारला. मुलीने तो आपल्या भाषेत आणला, सावकाश, एकेक शब्द ठेवत. "बाबा, खार हाक कशासाठी मारते?"

आणि तुम्हाला सांगतो, मला सांगता येईना. वाढदिवसाचा एक भाग सोडला, तर बावन्न भागांत मी ते कधी ठरवलंच नव्हतं! गरजच काय? हाक आली की कासवाची गंमत सुरू. ती कशाला बोलावतेय याच्याशी गोष्टीचा संबंधच नव्हता. मी आपलं काहीतरी बोललो, "असंच मारते. सवय असते एकेकीला." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. पडद्यावर कोण कुणाकडे बघतंय ते कळत नाही म्हणतात. कळतं.

मग तिकडून फर्मान आलं. शब्द कोणता घालायचा ते आम्ही बघू, पण कासव आपला शब्द पाळणार. खारीने हाक मारली, कासवाने उत्तर दिलं, की कासव उठणार. तिथल्या तिथे. पहिल्या हाकेला. चष्मा नाही, पेपर नाही, चप्पल नाही.

मी असा पेटलो! चार पानी पत्र लिहिलं. भाषेचं सौंदर्य लिहिलं. लिहिलं की आमच्या भाषेत न घडलेली गोष्ट घडली असं म्हणायची सोय आहे, ही केवढी मोठी सोय आहे, ती तुमच्याकडे नाही म्हणून आमच्या कासवाने का उठायचं? निर्माता हात जोडून म्हणाला, "लेखकराव, उठू द्या की हो त्याला. तुमच्या बापाचं काय जातं? सही करा आणि मोकळे व्हा." म्हटलं, नाही करणार. उठणाऱ्या कासवाखाली माझं नाव येणार नाही. तीन आठवडे ही सही अडली. मला लोक तत्त्वाचा माणूस म्हणायला लागले, माहितीये? आवाज देणारी एक नटी तर येऊन पाया पडून गेली. भाषेसाठी कुणीतरी उभं राहिलं म्हणे. उभं! मी! आयुष्यात कधी वेळेवर उभा राहिलो नाही मी!

मग एक दिवस आमच्या चित्रकाराने बोलावलं. हा माणूस मोजकं बोलतो, चित्रं काढतो आणि चहात बिस्किटं बुडवतो. म्हणाला, "बघा, नमुना केलाय. उठायचं काढलं." म्हटलं, आधी नव्हतं? तर म्हणतो, "कुठे होतं? बावन्न भागांत कासव उठताना एकदाही दाखवलेलं नाही. बसलेलं दाखवायचो, नाहीतर एकदम पोचलेलं."

मला हे माहीतच नव्हतं. मीच लिहिलेलं, आणि मलाच माहीत नव्हतं.

त्याने यंत्र सुरू केलं. वरून हाक. कासवाने मान वर केली, पेपर बाजूला ठेवला, हात टेकले, उठलं. म्हटलं, पुन्हा दाखव. उठलं. पुन्हा. उठलं. मी विचारलं, किती वेळ लागला याला? चित्रकाराने बिस्किट बुडवलं. "दोन सेकंद. अठ्ठेचाळीस चित्रं. फार नाही हो काम." त्याला वाटलं, मी त्याच्या कामाचं विचारतोय…

दोन सेकंद! मला वाटलं होतं, उठणं म्हणजे काहीतरी मोठं असतं. म्हणजे मध्ये वाक्य अर्धवट सुटतं, धागा तुटतो, परत येऊन बसावं तर ते सुचलेलं गेलेलं असतं. केवढं कारण सांगायचो मी तिला! आणि ते कासव, एवढं पाठीवर घर घेऊन, दोन सेकंदांत उठतंय. बिस्किट विरघळून चहात पडलं तरी माझं 'पुन्हा दाखव' चाललेलंच.

शेवटची बैठक. सहा चौकोन. निर्मात्याने माझ्यापुढे कागद ठेवला, वर पेन ठेवलं, आणि टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. बाई म्हणाल्या, आणि मुलीने सांगितलं, "बाबा, त्यांना फक्त एवढंच समजून घ्यायचंय की तुझी हरकत कशाला आहे. भाषेचं सगळं वाचलं त्यांनी. ते सोडून."

ते सोडून! ते सोडलं तर माझ्याकडे काय राहतं हो?

मी सुरुवात केली. पुन्हा भाषेवरूनच करणार होतो, तुमची शपथ. म्हटलं, त्यांना सांग, की हा शब्द म्हणताना माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच वाटतं की आपण निघालो. आता त्या दिवशीचंच घे. दुपारचे चार वाजले होते. मी एकेचाळिसावा भाग लिहीत होतो. पुढून हाक आली, "अहो…" एकदाच. साधी. रोजच्यासारखी. मी म्हटलं, आलोच. एक वाक्य राहिलं होतं, ते पुरं केलं. मग त्यात एक बरा शब्द सुचला, तो घातला. मग ते इतकं छान वाटलं की स्वतःशीच मोठ्याने वाचलं. कासवाचंच वाक्य होतं. एक भाग अकरा मिनिटांचा असतो, मी साधारण एक भाग लावला. मग गेलो. तर ती खुर्चीत बसलेली होती, आणि…

बोलता बोलता मी थांबलो, कारण ऐकणारी कोण आहे ते माझ्या लक्षात आलं.

कारण, मंडळी, मुलीला मी हे सांगितलंच नव्हतं. कुणालाच नव्हतं. डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "काही त्रास होतोय म्हणाल्या का? हाक वगैरे?" माझ्या तोंडून गेलं, "नाही." झालं. एकदा गेलं ते गेलं. मग मेहुणी आली, डोळे पुसत म्हणाली, "शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही हो, हाकसुद्धा मारली नाही!" मी मान हलवली. मग शेजारी. मग तिच्या ऑफिसातल्या बाया. जो तो तेच. किती शांतपणे गेली, हाकसुद्धा मारली नाही. अहो, जी बाई दिवसाला साठ हाका मारायची, ती माझ्या एका शब्दाने मुकी झाली! डॉक्टर नंतर म्हणाले होते, लगेच कळलं असतं तरी फारसा उपयोग नव्हता. पण ते त्या 'नाही'वर उभं राहून म्हणाले होते ना? खरं सांगितलं असतं तर काय म्हणाले असते, ते मी कधी विचारलंच नाही. आता यात माझी काही चूक… हो. आहे. आहे म्हणूनच तीन आठवडे तुमच्यासारख्या चांगल्या माणसांना धरून धरून विचारत सुटलोय, नाही का?

तर बैठकीत निर्मात्याने माझ्या पायावरचा पाय काढून घेतला. चौकोनातल्या चारजणांना काही कळलेलं नाही, ते आपले नम्रपणे मुलीकडे बघतायत, आता ही सांगेल. बाईंनी पेन्सिल धरली. त्यांनी विचारलं, ते काय म्हणाले? तेवढं मला त्यांच्या भाषेतलं कळायला लागलं होतं. मुलीने पाण्याचा घोट घेतला, आणि एवढं मोठं माझं बोलणं, दुपारचे चार, एकेचाळिसावा भाग, ती खुर्ची, सगळं, तिने तिकडच्या तीन शब्दांत आणलं.

मी नंतर निर्मात्याला विचारलं, काय म्हणाली रे? तो म्हणाला, "'त्यांना मान्य आहे' म्हणाली."

केली सही. काय करतो!

तिचा फोन आला अर्ध्या तासाने. मी उचलला, पहिल्या घंटेला उचलला, आणि काही बोलायच्या आत तीच बरसली. "बाबा, तुला काय वाटलं, मला ते खरं वाटलं होतं? आईने हाक मारली नाही? आईने? अरे, शिंक यायच्या आधी ती तुला हाक मारायची!"

म्हटलं, मग तू बोलली का नाहीस?

"तू सांगशील म्हणून थांबले."

"दीड वर्ष?"

"तुझ्या हिशोबाने लवकरच सांगितलंस."

मग मी विचारलं, कशाला मारली असेल गं हाक? मी सगळं बघितलंय. हातात काही नव्हतं. गॅस बंद, नळ बंद. दुखायला लागलं म्हणून, की असंच? ती म्हणाली, "माहीत नाही, बाबा. आणि आता मला विचारू नकोस, मला रडायचंय." म्हटलं, रड. फोन ठेवू? तर ओरडली, "ठेवू नकोस!" मग बसलो. ती रडत होती, मी ऐकत होतो. हे मला जमलं. बसून करायचं काम होतं.

तुम्हाला वाटलं, संपलं? अहो, आता तर खरं दुखणं! तिकडून पत्र आलं. बदललेले भाग मुलांना फार आवडले, कुणी रडलं नाही, अभिनंदन वगैरे, आणि खाली एक ओळ. 'मात्र कासव आता पहिल्याच मिनिटाला पोचत असल्यामुळे भागाचा उरलेला वेळ रिकामा राहतो. खारीने हाक कशासाठी मारली होती, ते लेखकाने कृपया लिहून द्यावं.'

कृपया!

बावन्न भाग! दर भागात दहा मिनिटं! मला ही एवढी मोठी शिक्षा कुणी सुचवली असती, तर मी म्हटलं असतं, जरा कमी करा. आणि लिहिणार काय? एकदा लिहिलं, खारीला बरं वाटत नव्हतं. फाडलं. एकदा लिहिलं, खारीला काहीतरी महत्त्वाचं सांगायचं होतं. तेही फाडलं. ती काही महत्त्वाचं सांगायला हाक मारणारी बाई नव्हती हो. तिच्या हाकांतल्या नव्वद टक्के हाका म्हणजे, हे जरा धरा, ते जरा बघा.

मग लिहिलं. खार म्हणते, "बरणीचं झाकण निघत नाहीये." बस्. कासव शेजारी बसतं. दोघं मिळून झाकण काढतात. मध्ये ती म्हणते, उलटं फिरवताय. तो म्हणतो, मला शिकवू नकोस. ती म्हणते, तर काय, बावन्न भागांत पहिल्यांदा आलात, त्यात उलटं फिरवताय. असंच आपलं, काहीबाही बोलत बसतात.

गेलं तिकडे. बाईंचं उत्तर आलं. पसंत आहे, पण झाकण निघायला इतका वेळ का लागतो? त्यांनी मोजलं म्हणे, आठ मिनिटं चाळीस सेकंद! तिसऱ्या मिनिटालाच ते सैल झालेलं चित्रात स्पष्ट दिसतंय, मग कासव ते पुन्हा घट्ट का करतं?

आता काय सांगू त्यांना! मी आपलं कळवलं, कासव आहे हो. त्याचं काम सावकाशच चालणार.